गाडीच्या पत्र्याला पहिलं वेल्डिंग मारण्याआधी

नाशकातच वाढलेली गाडी सहसा लवकर सडत नाही. समुद्र लांब, हवा बऱ्यापैकी कोरडी. पण स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली एमएच ०४ (ठाणे) किंवा एमएच ०८ (रत्नागिरी) ची, म्हणजे किनाऱ्याकडची सेकंडहँड गाडी असेल, किंवा वर्षानुवर्षं खताच्या गोण्या वाहिलेली पिकअप असेल, तर एक दिवस पायाखालचं कार्पेट उचलल्यावर खाली जमीन दिसते. मग घरातला एखादा हौशी माणूस ऑनलाइन छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन बघतो आणि ‘एवढंसं भोक, आपणच बुजवू’ म्हणतो. त्याच्यासाठी हा लेख आहे. हे काम शिकण्यासारखं आहे आणि घरच्या घरी करताही येतं. पण गाडीवरचं वेल्डिंग आणि गेटच्या ग्रिलवरचं वेल्डिंग यांत मोठा फरक आहे, तो आधी लक्षात घ्या.

ग्रिलच्या मागे हवा असते. गाडीच्या पत्र्यामागे फोम असतो, वायरिंग असतं, ब्रेकची नळी असते, पेट्रोलची लाइन असते, डांबरी लेप असतो. तुमचं लक्ष आर्कवर, म्हणजे वेल्डिंगच्या झगझगीत ज्योतीवर असतं, कारण काळ्या काचेतून दुसरं काही दिसतच नाही. आग मात्र पत्र्याच्या पाठीमागे लागते. पोलाद साधारण १,५०० अंशांना वितळतं. पाऊण मिलिमीटरच्या पत्र्यावर टाका मारला की मागची बाजूही त्याच क्षणी लाल होते. म्हणून पुढे जे सांगतो आहे, त्यातलं निम्म्याहून जास्त मागची बाजू मोकळी करण्याबद्दल आहे. प्रत्यक्ष वेल्डिंग दहा मिनिटांचं आणि तयारी अर्ध्या दिवसाची, असाच हिशोब धरा.

नवख्यानं कशाला हात लावायचा

डिकीचा तळ, पायाखालच्या फ्लोअरमधलं तळहाताएवढं भोक, बॅटरीचा ट्रे, मागच्या मडगार्डची गंजलेली कड, सायलेन्सरचा ब्रॅकेट ही शिकाऊ कामं. पॅच थोडा वेडावाकडा बसला तरी जिवावर बेतत नाही.

चॅसीचे चॅनल, दरवाजांमधले खांब, सस्पेन्शन जिथे बसतं ती जागा, सीटबेल्टचा नट जिथे आवळलेला असतो तो भाग आणि स्टिअरिंगशी संबंधित काहीही, याला नवख्यानं हात लावायचा नाही. नव्या गाड्यांच्या खांबांत आणि चॅनलमध्ये जास्त ताकदीचं पोलाद असतं. चुकीच्या उष्णतेनं ते मऊ तरी पडतं किंवा ठिसूळ तरी होतं, आणि वरून बघून काही कळत नाही. ते कळतं अपघाताच्या वेळी. अशा जागी गंज दिसला तर गाडी जाणत्या डेंटरकडे न्या, आणि तो फक्त लांबी (पुटी) भरून रंग मारून देणार नाही ना, याची खात्री करून घ्या. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी असेल तर घरी वेल्डिंगचा विचारही करू नका.

पॅच किती मोठा लागेल, याचा अंदाज वरून येत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं भोकाभोवती ठोकत बाहेर या. चांगला पत्रा टणक वाजतो, सडलेला बद्द वाजतो. जिथे आवाज बदलतो, तिथे टोकानं दाबून बघा. टोक आत गेलं तर तो पत्रा गेलेला आहे, रंग कितीही शाबूत दिसो. बोटभर भोकाचा पॅच बहुतेक वेळा वहीच्या पानाएवढा निघतो. कारण टाका फक्त धड पत्र्यालाच धरतो.

मशीन

गॅरेजवाले ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात, ते म्हणजे मिग. यात मशीनमधून बारीक वायर आपोआप पुढे येत राहते आणि वितळून टाका बनते. गाडीच्या पत्र्यासाठी नवख्यानं तेच शिकावं. वायर ०.८ मिलिमीटरची चालते, ०.६ ची मिळाली तर पातळ पत्र्यावर आणखी सोपं जातं. रॉडचं आर्क मशीन स्वस्त आणि सगळीकडे मिळतं, पण गाडीचा पत्रा ०.७ ते १ मिलिमीटरचा असतो. अडीच मिलिमीटरचा रॉड टेकवला की भोक बुजायच्या ऐवजी मोठं होतं. गॅस वेल्डिंगची उष्णता इतकी पसरते की पत्रा वाकडा होतो आणि आजूबाजूचं सगळं पेटण्याच्या बेतात येतं. जुने कारागीर त्यावर सुंदर काम करतात, पण त्यामागे वर्षांची सवय असते.

मिगमध्ये टाक्याला हवेपासून झाकणारा शील्डिंग गॅस लागतो. त्यासाठी शुद्ध कार्बन डायऑक्साइड किंवा आर्गॉनमध्ये मिसळलेला, दोन्ही चालतात. मिश्रणात ठिणग्या कमी उडतात, म्हणून गाडीवर तेच बरं. सिलिंडर उभा ठेवायचा, साखळीनं भिंतीला किंवा ट्रॉलीला बांधायचा आणि उन्हात ठेवायचा नाही. नाशकात मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि सिलिंडरमधला दाब उन्हाबरोबर चढतो. रेग्युलेटर नसताना वरची टोपी कायम लावलेली हवी. डिकीत आडवा टाकून, काचा बंद करून सिलिंडर आणू नका. विकणाऱ्याला घरपोच द्यायला सांगा.

वीज हा वेगळा मुद्दा आहे. घरातल्या पाच अँपियरच्या प्लगवर आणि बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर हे मशीन चालवायचं नाही. १६ अँपियरचा पॉइंट, जाड केबल, घराला खरीखुरी अर्थिंग आणि बोर्डात ईएलसीबी किंवा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवलेला असावा. इलेक्ट्रिशियनला बोलावून एकदा तपासून घ्या. पावसाळ्यात ओल्या फरशीवर, ओल्या चपलांनी, घामानं भिजलेल्या हातमोज्यांनी काम करू नका. कोरडी लाकडी फळी किंवा रबरी मॅट पायाखाली घ्या.

जागा

बंद शटरच्या आत वेल्डिंग करायचं नाही, हा पहिला नियम. धूर, ओझोन आणि थोडा कार्बन मोनॉक्साइड तिथेच साठतो. पूर्ण उघड्यावरही अडचण आहे. दुपारचा वारा सुटला की शील्डिंग गॅस उडून जातो आणि टाक्यात जाळीसारखी भोकं पडतात. वर छप्पर आणि दोन बाजू उघड्या अशी पार्किंगची जागा उत्तम, आणि सकाळची वेळ त्याहून उत्तम.

गाडीखाली घुसण्यासाठी खड्डा असलेली जागा कुणी देऊ केली, तरी वेल्डिंगसाठी ती नको. पेट्रोलची वाफ, आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइड हे सगळे हवेपेक्षा जड आहेत, ते खड्ड्यात बसतात. एकानं आग लागते आणि उरलेल्या दोघांनी श्वास कोंडतो. गाडी उचलायची तर जॅकवर उचला, पण काम करताना तिचं वजन लोखंडी स्टँडवरच हवं. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक अजिबात नकोत, ते पूर्वसूचना न देता फुटतात. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा.

ठिणग्या ३५ फुटांपर्यंत जाऊ शकतात असं धरून गरम कामाचे नियम केलेले असतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एवढ्या अंतरात शेजाऱ्याची गाडी, वाळत घातलेले कपडे, रद्दीचे गठ्ठे आणि दोन स्कूटर असतात. ते आधी हलवा किंवा जागा बदला. आजूबाजूला पोरंटोरं असतील तर जाड पडदा किंवा पत्रा आडवा लावा, कारण निळा उजेड बघायला ती हमखास येतात. फार दुरूनही आर्ककडे टक लावून बघणं डोळ्यांना बाधतं.

गाडी तयार करणं

आता लेखाचा गाभा. इथे घाई केली की पुढचं कितीही नीट केलं तरी उपयोग नसतो.

आधी बॅटरी. निगेटिव्ह काढायची, मग पॉझिटिव्ह, आणि बॅटरी गाडीबाहेर लांब ठेवायची. चार्ज होताना आणि झाल्यावर तिच्यातून हायड्रोजन निघतो, तो पेटायला एक ठिणगी पुरते. एअरबॅगची गाडी असेल तर बॅटरी काढल्यावर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा. पुस्तिका हाताशी नसेल तर निदान १० मिनिटं जाऊ द्या. वेल्डिंगच्या जागेजवळ ईसीयू (गाडीचा छोटा कॉम्प्युटर) किंवा एअरबॅगचं युनिट असेल तर त्याचे सॉकेट सोडवा. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं युनिट गिअरच्या कन्सोलखाली, फ्लोअरलाच बोल्ट केलेलं असतं. ‘मी तर फक्त फ्लोअरला पॅच मारतोय’ म्हणणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

मग आतलं सामान. सीट बोल्ट काढून पूर्ण बाहेर. नुसती मागे सरकवून भागत नाही. पण सीटमध्ये एअरबॅग किंवा खाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर असेल, तर बॅटरी काढून वेळ गेल्याशिवाय त्याला हात लावू नका. कार्पेट मागे दुमडून ठेवतात बरेच जण. तसं नको, काढूनच टाका. कार्पेट उचललं की खाली राखाडी किंवा तपकिरी नमद्याचा जाड थर दिसतो. हात दाबलात तर मुंबईच्या गाडीत अजून ओल लागेल. तो वरून ओला आणि आतून कोरडा असू शकतो, आणि एकदा धुमसायला लागला की तासभर ज्वाळेशिवाय आत पसरत जातो. त्याच्या खाली पत्र्याला चिकटवलेल्या काळ्या डांबरी पट्ट्या असतात, आवाज कमी करणाऱ्या. वेल्डिंगच्या जागेपासून सगळीकडे निदान हातभर अंतरातल्या पट्ट्या खरवडून काढा. हिवाळ्यात त्या पटकन तुटून येतात, उन्हाळ्यात हीट गन आणि पत्रीनं निघतात. दाराच्या उंबऱ्याच्या आत, प्लास्टिकच्या पट्टीखाली, वायरिंगचा जाड जुडगा मागच्या दिव्यांपर्यंत जातो. तो सोडवून बाजूला बांधा.

आता गाडीखाली जा आणि त्याच जागेची दुसरी बाजू बघा. एका माणसानं आतून खिळ्यानं ठोकायचं, दुसऱ्यानं खालून बोट ठेवायचं, म्हणजे नेमकी जागा सापडते. खालून ब्रेकच्या बारीक धातूच्या नळ्या आणि पेट्रोलच्या लाइन (काही गाड्यांत प्लास्टिकच्या) बहुधा फ्लोअरच्या एका कडेनं टाकीकडे जातात. जवळून जात असतील तर क्लिपमधून सोडवून लांब करा. ते जमत नसेल तर ती जागा तुमच्या आवाक्यातली नाही असं समजा. एसीची नळी जवळ असेल तरी तेच. तो गॅस तापला की विषारी होतो. खालचा डांबरी अंडरकोट वायर ब्रशनं चकाकता पत्रा दिसेपर्यंत काढा.

पत्रा पुसायला काय वापरता, याकडे नीट लक्ष द्या. ब्रेक क्लीनरच्या काही स्प्रेमध्ये क्लोरीनयुक्त रसायन असतं. आर्कच्या उष्णतेत आणि किरणांत त्यातून फॉस्जीन तयार होऊ शकतो, जो पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरला गेला होता. वेल्डिंगआधी ब्रेक क्लीनर वापरायचाच नाही. अॅसिटोनचं फडकं फिरवा, पूर्ण वाळू द्या आणि फडकं व बाटली दोन्ही लांब नेऊन ठेवा.

टाकी आणि सीएनजी

पेट्रोलच्या टाकीवर वेल्डिंग करायचं नाही. रिकामी असली तरी नाही, धुतलेली असली तरी नाही. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त घातक असते, कारण आत वाफ आणि हवा मिसळलेली असते. ‘सायलेन्सरचा धूर सोडून घेतो, पाणी भरून घेतो’ असं सांगणारे भेटतील. त्यांना नमस्कार करून दुसरी टाकी बसवा. मागच्या फ्लोअरला, डिकीला किंवा टाकीजवळ कुठेही काम असेल तर टाकी उतरवून, लाइनची तोंडं बंद करून दूर न्या.

सीएनजी किट बसवलेल्या गाड्या आता रस्तोरस्ती दिसतात. डिकीतल्या त्या नळकांड्यात २०० बारच्या आसपास दाब असतो. डिकीचं काम करायचं तर किट बसवणाऱ्या अधिकृत माणसाकडून सिलिंडर आणि नळी उतरवून घ्या, आणि बसवूनही त्याच्याकडूनच घ्या. ‘व्हॉल्व्ह बंद केला, झालं’ एवढ्यावर राहू नका. सिलिंडरला ठिणगी उडू द्यायची नाही, अर्थ क्लॅम्प (मशीनच्या परतीच्या वायरचा चिमटा) लावायचा नाही, त्याच्या ब्रॅकेटलाही वेल्डिंग मारायचं नाही. तापलेल्या किंवा चरा पडलेल्या सिलिंडरची ताकद वरून दिसत नाही.

अंगावर

उकाड्यात बनियन आणि स्लिपरवर काम करणारे शेकड्यांनी दिसतात, आणि त्यांच्या हातापायांवरचे ठिपकेही दिसतात. पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, सुती जीन्स, चामड्याचे बूट आणि पँट बुटांच्या वरून. टेरिकॉट आणि पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतात. खिशात लायटर नको, दुमडलेली बाही नको, ओढणी नको, केस मोकळे नकोत. चामड्याचे लांब हातमोजे आणि पाठीवर झोपून काम करणार असाल तर डोक्यावर सुती टोपी आणि कानांत बोळे. कानात गेलेली ठिणगी पडदा भाजते.

डोळ्यांसाठी आपोआप काळं होणारं हेल्मेट घ्या. हातशील्डनं एक हात अडकतो, आणि टाका सुरू होण्याआधी नेमकी जागा दिसावी म्हणून नवखा माणूस ती क्षणभर बाजूला करतोच. पातळ पत्र्याला ९ ते १० नंबरची काचेची छटा पुरते. गॉगल, एक्स-रेची फिल्म, जुनी सीडी यांतलं काहीही चालत नाही. हेल्मेटच्या आत साधा सुरक्षा चष्माही लावा, तो ग्राइंडरच्या वेळी लागतोच. ग्राइंडरनं होणाऱ्या जखमा आर्कच्या जखमांहून कमी नसतात: गार्ड काढायचा नाही, कापायच्या डिस्कनं घासायचं नाही, दोन्ही हातांनी धरायचं. गाडीच्या काचाही झाका, ग्राइंडरची ठिणगी काचेत रुतून बसते.

धुरासाठी तोंडाला बांधलेला रुमाल निरुपयोगी आहे. वेल्डिंगच्या धुरासाठीचा मास्क लावा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचा जस्त जळाला की पांढरा धूर येतो आणि काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. गूळ खाल्ला किंवा दूध प्यायलं की धूर बाधत नाही, हा समज कारखान्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. गूळ पोटात जातो आणि धूर फुप्फुसात. टाक्याच्या जागेवरचा जस्त आधीच घासून काढा आणि डोकं धुराच्या लोटाबाहेर ठेवा.

सराव, मग गाडी

भंगारातून जुनं बोनेट किंवा दार आणा आणि त्यावर हात बसवा. जाडी तीच, रंग तोच, गंजही तोच. करंट ३० ते ६० अँपियरच्या दरम्यान, गॅस मिनिटाला ८ ते १२ लिटर. वायरचा वेग जुळला की कढईत भजी सोडल्यासारखा एकसारखा चरचर आवाज येतो. फटफट तुटक आवाज म्हणजे वायर जास्त, आणि टोकाला गोळा जमून नोझलकडे सरकतो म्हणजे वायर कमी. दोन तुकडे जोडून झाले की पक्कडीत धरून वाकवा. टाका सुटला तर तो वरवर बसला होता. पत्रा फाटला आणि टाका राहिला, तर तुम्ही गाडीकडे वळू शकता. शिस्तीत शिकायचं असेल तर सातपूरच्या शासकीय आयटीआयसारख्या ठिकाणी वेल्डरचा एक वर्षाचा ट्रेड आहे. निदान एखाद्या जाणत्या कारागिराच्या शेजारी उभं राहून बघा, हेल्मेट घालून.

गाडीवर सलग ओळ मारायची नाही. एक टाका, मग त्याच्या समोरच्या बाजूला दुसरा, मग तिसरीकडे. दोन टाक्यांत दोन-तीन सेंटिमीटर. मग मधल्या जागा भरत जायच्या, प्रत्येक वेळी पत्रा हात लावण्याइतका निवू देत. पाणी मारून निववू नका, पत्रा आखडतो. मागून तांब्याची जाड पट्टी टेकवली तर भोक पडत नाही, कारण तांबं उष्णता ओढून घेतं आणि टाका त्याला चिकटत नाही. नाशिककरांना तांबं शोधायला लांब जावं लागणार नाही, भांडी बाजाराच्या बाजूला तांब्याचं काम करणाऱ्यांकडे चौकशी करा.

अर्थ क्लॅम्प टाक्याच्या जवळ, त्याच पत्र्याच्या घासलेल्या जागेवर. लांब कुठेतरी बोल्टला लावला तर करंट बेअरिंगमधून, वायरिंगच्या अर्थमधून, मिळेल त्या वाटेनं परततो आणि ते भाग खराब करतो.

आणि हे काम एकट्यानं करू नका. दुसऱ्या माणसानं पत्र्याच्या मागच्या बाजूला नजर ठेवून, स्वतःचे डोळे सांभाळून, उभं राहायचं. त्याच्या हातात ओलं सुती फडकं आणि फवारणीची बाटली, बाजूला पाण्याची बादली आणि आयएसआय मार्कचं एबीसी पावडरचं अग्निशामक. फोम किंवा नमदा धुमसत असेल तर पाणीच लागतं, पावडरनं ज्वाळा विझते पण आतली धग राहते. पेट्रोल पेटलं तर पाणी नाही, पावडरच. पहिल्या प्रयत्नात आग विझली नाही तर गाडी सोडून लांब जा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. गाडीपेक्षा जीव मोठा.

नंतरचा तास

शेवटचा टाका मारून मशीन बंद केलं की लगेच जेवायला जायचं नाही. निदान तासभर तिथेच थांबा. दर दहा मिनिटांनी आतून-बाहेरून हात फिरवा, उंबऱ्याच्या पोकळीत नाक लावून वास घ्या. कापड जळल्याचा वास आला, तर मन मानत नसलं तरी उघडून बघा. संध्याकाळी काम संपवून गाडी तिथेच ठेवून झोपायला गेलात आणि आग मध्यरात्री लागली, असं घडतं. म्हणून दुपारनंतर नवा टाका सुरूच करू नका.

रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचायला लागलं, पाणी वाहायला लागलं, तर आर्क लागला आहे. तो लगेच जाणवत नाही, सहा ते बारा तासांनी जाणवतो. बटाट्याचे काप, दूध, मध काहीही डोळ्यांत घालू नका. अंधारात डोळे मिटून पडा, थंड पट्टी ठेवा आणि सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. बधिर करणारे थेंब मागून घेऊन घरी वापरू नका, त्यांनी बुबुळाची जखम भरायची थांबते. भाजलं तर २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली, टूथपेस्ट, तूप, हळद यांतलं काही नाही. मोठं भाजलं असेल तर १०८.

टाके घासून सपाट केल्यावर जस्तयुक्त प्रायमर, त्यावर सीम सीलर (सांधे बुजवणारा लेप), मग रंग, खालून अंडरकोट. हा लेप पूर्ण वाळेपर्यंत पुन्हा वेल्डिंग नाही. आतली बाजू तशीच सोडली तर पुढच्या पावसाळ्यात टाक्याच्या कडेनंच गंज सुरू होतो. कार्पेट उन्हात खडखडीत वाळवून मगच आत घाला. सोडवलेली प्रत्येक नळी क्लिपमध्ये परत बसली ना ते बघा. सगळे सॉकेट लावून झाल्यावर बॅटरी जोडा, आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. गाडी सुरू करण्याआधी ब्रेक दाबून पेडल कडक आहे का ते बघा, चावी स्टार्टच्या आधीच्या ‘ऑन’ टप्प्यापर्यंतच फिरवून पेट्रोल पंपाला दाब देऊ द्या आणि खाली वाकून वास घ्या, ओल बघा. पेट्रोलचा वास आला तर चावी काढा, बॅटरी पुन्हा सोडा आणि गळती सापडल्याशिवाय गाडी सुरू करू नका.